हिरड्यांच्या उपचाराला गोळ्यांची जोड देताना

हिरड्यांतून रक्त येतं, एखादा दात हलल्यासारखा वाटतो, आणि बरेच जण डेंटिस्टकडं जाण्याआधी औषधांच्या काउंटरवर येतात. मी फार्मासिस्ट आहे, त्यामुळं "हिरड्यांसाठी एखादी चांगली गोळी द्या" ही मागणी मला नवी नाही. मला स्वतःलाही पेरिओडॉन्टायटिस आहे, म्हणजे पुष्कळ लोक ज्याला पायोरिया म्हणतात तो आजार. वरच्या दाढांच्या मागच्या बाजूला माझं हाड झिजलेलं आहे आणि ते झिजलेलं हाड गोळीनं भरून येत नाही, हे मला माहीत आहे. तरीही काही गोळ्यांना या उपचारात जागा आहे. कोणती, कधी, कुणासाठी आणि कशाबरोबर घ्यायची नाही, ते इथं सांगते.

आधी सफाई

दात आणि हिरडी यांच्यामध्ये निरोगी तोंडातही एक ते तीन मिलिमीटरची फट असते. डेंटिस्ट तिच्यात खुणा असलेली बारीक सळई, म्हणजे प्रोब घालून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजमाप घेतात. आकडा चार किंवा त्याहून मोठा आला आणि तिथून रक्त आलं, तर ते आजारी पॉकेट. सहा किंवा जास्त आला तर ते खोल. या पॉकेटमध्ये जिवाणूंचा चिकट थर मुळाला धरून बसलेला असतो आणि त्यावर कीटण चढलेलं असतं. रक्तातून येणारं औषध या थराच्या आत नीट शिरत नाही. मोकळे फिरणारे जिवाणू ज्या मात्रेनं मरतात, त्याच मात्रेला थरात दडलेले जिवाणू दाद देत नाहीत. म्हणून थर आधी हातानं किंवा मशीननं मोडावा लागतो. स्केलिंग आणि मुळांची खोल सफाई म्हणजे हेच काम.

दुसरा भाग तुमच्या हातात आहे. 1965 साली हॅराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्या असलेल्या लोकांना दात घासणं बंद करायला सांगितलं. साधारण दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं पुन्हा सुरू केल्यावर आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. दातांच्या फटींत रोज रात्री योग्य मापाचा बारीक ब्रश फिरवत नसाल, तर खाली लिहिलेल्या कुठल्याही गोळीवर पैसे घालवू नका. मी काउंटरवरही हेच सांगते. फटींच्या ब्रशचं माप डेंटिस्टकडून ठरवून घ्या. माझ्या तोंडात पुढच्या आणि मागच्या दातांना वेगवेगळी मापं लागतात, आणि एकच माप सगळीकडं वापरलं तर मागच्या रुंद फटी तशाच राहतात.

सिगारेट ओढत असाल तर ती सोडणं हे कुठल्याही पूरक औषधापेक्षा मोठं औषध आहे. धूम्रपानानं हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळं आजार आतून वाढत असताना बाहेरून सगळं ठीक दिसतं. सोडल्यावर पहिले काही आठवडे रक्त उलट जास्त दिसू शकतं. घाबरून पुन्हा सुरू करू नका.

नवी गोळी घेण्याआधी चालू गोळ्या पाहा

या लेखातलं एकच काम तुम्ही करणार असाल तर ते हे करा. एका कागदावर रोजच्या सगळ्या गोळ्या, इंजेक्शनं, इनहेलर, व्हिटॅमिनं, वनस्पतींच्या कॅप्सूल, झोपेच्या गोळ्या लिहून काढा. नाव, मात्रा, दिवसातून किती वेळा. तो कागद डेंटिस्टसमोर ठेवा. हिरड्यांचं कोडं पुष्कळदा या यादीतच सुटतं.

एक गृहस्थ माझ्याकडं हिरड्यांच्या सुजेवर व्हिटॅमिन सी मागायला आले होते. त्यांच्या हिरड्या पुढच्या दातांमध्ये फुगून दातांवर चढायला लागल्या होत्या. त्यांच्याच प्रिस्क्रिप्शनवर रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन होतं. अ‍ॅम्लोडिपिन आणि त्याच गटातलं निफेडिपिन, फेफऱ्यासाठीचं फेनिटॉइन, आणि अवयव प्रत्यारोपणानंतर दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन, या औषधांनी काही लोकांच्या हिरड्या वाढतात. प्लाक, म्हणजे तोच जिवाणूंचा चिकट थर, जितका जास्त, तितकी वाढ जास्त. मी त्यांना व्हिटॅमिन न देता डेंटिस्टकडं आणि त्यांच्या फिजिशियनकडं पाठवलं. रक्तदाबाची गोळी बदलायची की नाही हे फिजिशियननंच ठरवायचं असतं. ती मनानं बंद करणं हिरड्यांच्या सुजेपेक्षा फार धोक्याचं आहे.

यादीत आणखी काय शोधायचं? तोंड कोरडं करणारी औषधं: अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या, नैराश्यावरच्या काही गोळ्या, लघवीवर ताबा ठेवणारी काही औषधं. लाळ कमी झाली की प्लाक लवकर साचतो आणि दात किडतात. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेली बिस्फॉस्फोनेट किंवा डेनोसुमॅब: ही चालू असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून न येता उघडं पडतं, म्हणून डेंटिस्टला हे आधी कळलंच पाहिजे. डेनोसुमॅबचं इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदा मिळत असल्यानं लोक ते "औषध" म्हणून मोजतच नाहीत. कागदावर लिहा. दम्याचा स्टेरॉइड इनहेलर असेल तर प्रत्येक वेळी ओढून झाल्यावर चूळ भरून टाका.

आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, हृदयासाठीची अ‍ॅस्पिरिन किंवा नवी औषधं. सफाईच्या दिवशी रक्त येईल या भीतीनं लोक त्या स्वतःच थांबवतात. असं करू नका. हिरडीचं रक्त कापसाचा बोळा दाबून थांबवता येतं. हृदयात किंवा मेंदूत अडकलेली गुठळी तशी थांबवता येत नाही.

मधुमेह असेल तर यादीच्या शेजारी शेवटचा एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, लिहा. साखर वाढलेली असली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांची सूज साखर वाढवते. नीट सफाई झाल्यावर तीन-चार महिन्यांनी एचबीए1सी सरासरी 0.4 टक्क्यांच्या आसपास खाली येतो असं अनेक चाचण्या एकत्र पाहिल्यावर दिसलं आहे. म्हणून मधुमेहाची गोळी वेळेवर घेणं हाही हिरड्यांचाच उपचार आहे.

व्हिटॅमिनं

नियम सोपा आहे: कमतरता असेल तर भरून काढा, नसेल तर भर घालून हिरडी जास्त बरी होत नाही.

व्हिटॅमिन सी नसलं तर कोलॅजनचे धागे नीट विणले जात नाहीत, आणि हिरडी व दात बांधून ठेवणारे धागे कोलॅजनचेच असतात. जेम्स लिंड यांनी 1747 साली जहाजावरच्या स्कर्व्हीच्या रोग्यांना संत्री-लिंबं देऊन बरं केलं, त्या रोग्यांच्या हिरड्या कुजत होत्या त्या यामुळंच. पण प्रौढ माणसाची रोजची गरज 75 ते 90 मिलिग्रॅमच्या आसपास आहे, धूम्रपान करणाऱ्याची 35 मिलिग्रॅम जास्त. फळं-भाज्या नीट खाणाऱ्याची ती जेवणातूनच भागते. ज्यांचं खाणं फार तुटपुंजं आहे, जे एकटे राहतात आणि चावता येत नाही म्हणून फळं टाळतात, अशांना मी गोळी सुचवते. दिवसाला 2,000 मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही, आणि मूतखड्याचा इतिहास असेल तर मोठ्या मात्रेच्या वाटेला जायचंच नाही. चघळायच्या आंबट गोळ्या दातांवर रेंगाळतात आणि दाताचं वरचं आवरण झिजवतात. गिळायची गोळी घ्या.

व्हिटॅमिन डी माझ्या स्वतःच्या यादीत आहे. खोल सफाईच्या आधी माझी रक्ततपासणी झाली तेव्हा ते कमी निघालं, म्हणून डॉक्टरांनी सुरू केलं. तपासणीचं नाव 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. मिलिलिटरमागं 20 नॅनोग्रॅमच्या खाली आकडा असेल तर साधारणपणे कमतरता मानतात. हाडासाठी ते लागतं, प्रतिकारशक्तीलाही लागतं, त्यामुळं कमतरता असताना ते भरून काढायला मला कुठलीच अडचण दिसत नाही. अडचण मात्रेची आहे. व्हिटॅमिन डी आठवड्यातून एकदा घ्यायच्या मोठ्या मात्रेतही मिळतं आणि रोजच्या छोट्या मात्रेतही. आठवड्याची मात्रा रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मळमळ, खूप तहान, बद्धकोष्ठता, गोंधळल्यासारखं होणं आणि पुढं किडनीला इजा. म्हणून पाकिटावर "आठवड्यातून एकदा" हे मी पेनानं मोठं लिहून देते, आणि वार विचारून तोही लिहिते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दिवसाला 4,000 युनिटच्या वर जाऊ नका. थायाझाइड गटातली रक्तदाबाची गोळी चालू असेल तर कॅल्शियम आणि डी एकत्र सुरू करण्याआधी विचारा, कारण ती गोळीही रक्तात कॅल्शियम धरून ठेवते.

कॅल्शियम घेत असाल तर वेळ सांभाळा. मला थायरॉइडची गोळी आहे. ती सकाळी उपाशीपोटी आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर, असं मी बसवून घेतलं आहे. दोन्हींत निदान चार तास हवेत, नाहीतर थायरॉइडची गोळी पोटातच कॅल्शियमला चिकटते.

फिश ऑइल आणि अ‍ॅस्पिरिन

याबद्दल मला सगळ्यांत जास्त विचारतात, आणि कल्पना खरोखर सुंदर आहे. सूज आपोआप विझत नाही, ती विझवायला शरीर काही रेणू तयार करतं. चार्ल्स सेरहान यांच्या प्रयोगशाळेनं माशांच्या तेलातल्या ओमेगा-3 या स्निग्धाम्लांपासून तयार होणारे असे रेणू शोधले आणि त्यांना रिझॉल्विन नाव दिलं. अ‍ॅस्पिरिन एका एन्झाइमचा स्वभाव बदलते आणि त्यातून जास्त काळ टिकणारे रिझॉल्विन तयार होतात. म्हणून दोन्ही एकत्र देऊन पाहायची कल्पना पुढं आली. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 80 रुग्णांची खोल सफाई केली. अर्ध्यांना फिश ऑइल आणि 81 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिली, अर्ध्यांना दिली नाही. सहा महिन्यांनी औषध घेणाऱ्यांची पॉकेटं जास्त भरली होती.

असं असूनही युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजीनं 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत सफाईला ओमेगा-3 ची जोड नेहमीसाठी देऊ नये असंच म्हटलं. चाचण्या थोड्या आणि लहान आहेत. मलाही ते पटतं, विशेषतः अ‍ॅस्पिरिनबाबत. अ‍ॅस्पिरिन पोटात रक्तस्राव करू शकते, आणि तो धोका वयाबरोबर वाढतो. फक्त हिरड्यांसाठी ती सुरू करू नका. हृदयासाठी ती आधीच चालू असेल तर तशीच चालू ठेवा. सोळा वर्षांखालच्या मुलांना तर डॉक्टरांशिवाय अजिबात नाही.

फिश ऑइल घ्यायचंच ठरवलं तर डबीची मागची बाजू वाचा. पुढं "1000 मिलिग्रॅम" लिहिलेलं असतं ते तेलाचं वजन. कामाचे दोन ओमेगा-3 घटक म्हणजे ईपीए आणि डीएचए. साध्या कॅप्सूलमध्ये ते पुष्कळदा 180 आणि 120, म्हणजे मिळून फक्त 300 मिलिग्रॅम असतात. त्या चाचणीतली मात्रा 900 होती. रोज एक साधी कॅप्सूल घेणाऱ्याला वाटतं आपण तेच करतोय, प्रत्यक्षात तिसरा हिस्साच पोटात जातो. मोठ्या मात्रेनं हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, म्हणून ठोक्यांचा त्रास असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी आधी विचारावं. लसूण, जिंको, कर्क्युमिन यांच्या कॅप्सूलनाही रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबाबत हीच खबरदारी.

प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयोगी जिवाणूंच्या, चोखायच्या गोळ्यांबद्दल थोडक्यात: त्याच मार्गदर्शक सूचनांत त्यांनाही नकार आहे, मी घेत नाही. घेत असाल तर जिवाणूनाशक गुळण्यांबरोबर घेऊ नका. एका हातानं पेरून दुसऱ्या हातानं उपटण्यात अर्थ नाही. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर टाळाच.

ही औषधं फक्त डेंटिस्टच्या चिठ्ठीवर

डॉक्सिसायक्लिनची 20 मिलिग्रॅमची मात्रा हा एक वेगळाच प्रकार आहे. एवढ्या थोड्या मात्रेत ती जिवाणू मारत नाही, कोलॅजन तोडणाऱ्या शरीरातल्याच एन्झाइमना आवर घालते. टेट्रासायक्लिनचा हा गुण लॉर्न गोलब यांनी 1980 च्या दशकात दाखवला, आणि 1998 मध्ये अमेरिकेत ही मात्रा हिरड्यांसाठी मंजूर झाली. दिवसातून दोनदा, काही महिने. युरोपच्या सूचना हिलाही नेहमीसाठी नको म्हणतात. डेंटिस्टनं दिलीच तर ती दूध, कॅल्शियम, लोह आणि अँटासिडपासून निदान दोन तास लांब ठेवा, ताठ बसून पेलाभर पाण्याबरोबर गिळा, गिळल्यावर लगेच आडवे होऊ नका, आणि कडक उन्हात जपा. गरोदरपणात आणि लहान मुलांत नाही. आणि 100 मिलिग्रॅमची गोळी घरी फोडून 20 ची करता येत नाही.

अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडॅझोल ही जोडी तरुण वयात झपाट्यानं हाड जाणाऱ्या काही रुग्णांना सफाईबरोबर दिली जाते. सरसकट सगळ्यांना नाही. जुन्या कोर्समधल्या उरलेल्या गोळ्या "हिरड्या दुखतात म्हणून" घेणारे मला नेहमी भेटतात. दोन-तीन गोळ्यांनी सूज उतरते, थर जागेवर राहतो आणि उरतात ते औषधाला सरावलेले जिवाणू. मेट्रोनिडॅझोल चालू असताना आणि नंतरचे दोन-तीन दिवस दारू नको, अल्कोहोल असलेला माउथवॉशही नको. वॉरफरिन घेत असाल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, चढतो, तेव्हा चिठ्ठी लिहिली जात असतानाच सांगा.

सफाईनंतरच्या ठणक्यासाठी बहुतेकांना पॅरासिटामॉल पुरतं. आयबुप्रोफेन घ्यायची असेल आणि हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल, तर दोन्ही एकदम घेऊ नका. आयबुप्रोफेन आधी पोटात गेली तर अ‍ॅस्पिरिनचं काम अडतं. किडनीचा त्रास असेल तर आयबुप्रोफेन नकोच.

गुळण्यांचं औषध

क्लोरहेक्झिडिन मी मनापासून मानते, पण थोड्या दिवसांसाठी. खोल सफाईनंतर हिरड्या हुळहुळ्या असताना ब्रश नीट फिरत नाही, तेव्हा ते प्लाक थोपवून धरतं. 0.2 टक्के असेल तर 10 मिलिलिटर, 0.12 टक्के असेल तर 15, दिवसातून दोनदा, साधारण दोन आठवडे. टूथपेस्टमधल्या फेसाच्या घटकानं त्याचा जोर कमी होतो, म्हणून दात घासल्यावर निदान अर्धा तास थांबा. नंतर लगेच चहा-कॉफी नको. दात आणि जीभ तपकिरी होतात. चव काही दिवस बदलते, ती परत येते. ते पॉकेटच्या तळापर्यंत पोचत नाही, त्यामुळं सफाईऐवजी ते वापरता येत नाही. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, श्वास कोंडला तर ताबडतोब दवाखाना गाठा. क्वचित होतं, पण गंभीर असतं.

उपयोग होतोय का, हे कसं ओळखायचं

सफाईच्या दिवशीचा चार्ट मागून घ्या. तो तुमचा आहे. 28 दात असतील तर सहाच्या हिशेबानं 168 आकडे, आणि रक्त आलेल्या जागांवर खूण. रक्ताच्या जागा दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे या हिशेबात 16 पर्यंत, हे लक्ष्य ठेवा. पुढची मोजणी सहा आठवड्यांपासून तीन महिन्यांच्या दरम्यान होते. त्याआधी मोजून काही कळत नाही, ऊती अजून भरत असतात.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. चांगल्या सफाईनं खोल पॉकेट एक-दोन मिलिमीटरनं कमी होऊ शकतं. पूरक गोळ्यांनी त्यावर मिळणारा फायदा, मिळालाच तर, बहुधा मिलिमीटरचा अंश असतो. आणि प्रोबनं मोजताना हात बदलला, दाब बदलला तरी एका मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे एका दाताचा आकडा पाचाचा चार झाला म्हणून त्याचं श्रेय कॅप्सूलला देता येत नाही. सगळ्या तोंडातल्या रक्ताच्या जागा किती कमी झाल्या ते पाहा, आणि सहा किंवा जास्त असलेल्या जागा किती उरल्या ते पाहा.

म्हणून एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करा, आणि वहीत तारीख, नाव, मात्रा लिहा. पोट बिघडलं, पुरळ आलं तर कशामुळं ते कळतं. पुढच्या मोजणीला वही आणि चार्ट दोन्ही बरोबर न्या. कमतरतेसाठी घेतलेलं व्हिटॅमिन रक्ततपासणी ठीक आल्यावर देखभालीच्या मात्रेवर आणायचं की थांबवायचं, ते तिथं विचारा. नुसतं "हिरड्यांसाठी" म्हणून घेतलेलं काही असेल आणि रक्ताच्या जागा तशाच असतील, तर ते बंद करा आणि उरलेल्या खोल पॉकेटची पुन्हा सफाई करायची की छोटी शस्त्रक्रिया करायची, यावर बोला. त्यानंतरची तपासणी आजाराच्या जोरानुसार तीन ते बारा महिन्यांनी असते. माझी तीन महिन्यांवर आहे, आणि निघतानाच मी पुढची तारीख घेऊन येते.